वारा पाठीवर

ओडिशाच्या किनाऱ्याने सायकल चालवायची असेल तर मुक्काम नंतर ठरवावेत, आधी दिशा ठरवावी. फाल्गुनात तिकडे दक्षिणेचा वारा सुटतो आणि दुपारनंतर चांगलाच जोर धरतो. म्हणून गोपाळपूरहून निघायचं आणि कोणार्ककडे जायचं. उलटं केलंत तर चार दिवस तोंडात वाळू. मी एअर डिफेन्सचा माणूस. गोपाळपूरला दोन वर्षं काढली. पण तो समुद्र माझ्यासाठी फायरिंग रेंजचा डेंजर एरिया होता. कोळ्यांच्या होड्या बाहेर गेल्या का, ढग किती खाली आहेत, एवढंच बघायचो. त्या किनाऱ्यावर सुट्टी घालवता येते, हे पोस्टिंग संपत आल्यावर सुचलं.

सुचलं म्हणजे सुचवलं गेलं. जानेवारीत चिरंजिवांची एसएसबी झाली. पाचही दिवस टिकला आणि कॉन्फरन्सनंतर बाहेर पडला. ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको: चेस्ट नंबर पुकारले जातात, आपला येत नाही, मग पेटी उचलून स्टेशन गाठायचं. स्टेशनवरूनच त्याने मला फोन केला. मी एका मीटिंगला निघालो होतो. "ठीक आहे, पुढच्या वेळी बघू," म्हणालो आणि फोन ठेवला. फेब्रुवारीत बायको म्हणाली, "तो तुमच्याशी बोलत नाहीये, लक्षात आलंय का?" आलं नव्हतं. आमच्या घरात महिना-महिना न बोलणं हे नेटवर्कच्या खात्यात जमा होतं.

होळीच्या सुट्टीत तो पुण्याहून आला तेव्हा मी दोन सायकली तयार ठेवल्या होत्या. सायकल हा माझा आवडता प्रकार नव्हे. खडकवासल्याला पहिल्या टर्ममध्ये आपण सायकलवर कमी आणि सायकल आपल्या खांद्यावर जास्त असते. पास आऊट झाल्यावर वीस वर्षं मी हौसेने पॅडल मारलं नव्हतं. हे त्याला पहिल्या दहा किलोमीटरमध्येच कळलं असावं. तो पुढे गेला आणि पुढेच राहिला.

पहिला टप्पा सोपा. छत्रपूरच्या बाजूला रस्त्याकडेने केवड्याची बनं लागतात. गंजामचा केवडा अत्तरवाल्यांना ठाऊक असतो. आपल्याकडे गौरी-गणपतीला एक पात मिळवायला मारामार, इथे शेताचं कुंपणच त्याचं. बहर पावसाळ्यातला, त्यामुळे वास मिळाला नाही, पण पोटरीला काटे मिळाले.

संध्याकाळी ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळ सायकली ठेवून वाळूवरून चालत गेलो. ऑलिव्ह रिडले कासवं इथे सामूहिक अंडी घालतात, हे संशोधकांच्या नजरेस आलं १९९४ मध्ये. आसपासच्या कोळी गावांना अर्थातच आधीपासून माहीत होतं. एखाद्या चांगल्या वर्षी सहा लाखांहून जास्त माद्या येतात. आम्हाला उशीर झाला होता, मुख्य लोंढा काही दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. वनखात्याने जाळीचं कुंपण घातलं होतं आणि आतली वाळू नांगरल्यासारखी दिसत होती. कुंपणाबाहेरून तीन-चार किलोमीटर चाललो. अंधार पडल्यावर एकच मादी दिसली, मागे राहिलेली. मागच्या पायांनी खड्डा करायची, थांबायची, पुन्हा करायची. आम्ही लांब वाळूत बसून राहिलो. राखणीला असलेल्या माणसाने सांगितलं की एका घरट्यात शंभराच्या वर अंडी, पिल्लं दीडेक महिन्याने बाहेर येतील आणि त्यातलं हजारात एखादंच मोठं होईल.

"एसएसबीत यापेक्षा बरं प्रमाण आहे," चिरंजीव म्हणाले.

मी हसलो. तो हसला नव्हता, हे मला जरा उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी हुम्याची मिठागरं मागे टाकून पालूरमार्गे मालूदकडे वळलो. राष्ट्रीय महामार्ग चिलिकेच्या पश्चिमेने जातो, ट्रकांच्या रांगा तिकडे. आम्ही सरोवर आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात होतो. गावोगावी दोळ पौर्णिमेची धामधूम होती. राधाकृष्णाची विमानं, म्हणजे सजवलेल्या पालख्या, खांद्यावर घेऊन माणसं दारोदार फिरत होती. एका गावात आम्हाला थांबवून कपाळाला अबीर लावला, दुसऱ्या गावात मुढी आणि घुगनी खायला घातली. कुठून आलात म्हटल्यावर मी महाराष्ट्र म्हणालो. एक आजोबा "मराठा!" म्हणून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. १७५१ ते १८०३ नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता इथे. आजोबांचं बघणं कौतुकाचं होतं की जुन्या वसुलीचं, विचारायचं धाडस केलं नाही. मुढीचे पैसे मात्र आग्रह करून दिले.

जान्हीकुड्याहून सातपाड्याला फेरीबोट जाते. सायकली, मोटारसायकली, एक टेम्पो, टोपलीभर कोंबड्या. वाटेत डॉल्फिन दिसले, चिलिकेतले इरावडी, चोच नसलेले, बोथट डोक्याचे. क्षणभर पाठ वर येते आणि जाते. लोक फोन काढेपर्यंत पाणी पुन्हा सपाट.

कठड्याला टेकून तो म्हणाला, "तुम्ही फोन ठेवलात तेव्हा मी अडीच तास प्लॅटफॉर्मवर होतो."

मीटिंग होती, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते गिळलं. "मला काय बोलावं सुचलं नाही," म्हणालो.

"मग तेच सांगायचं ना."

युनिटमध्ये वाईट बातमी सांगायची माझ्यावर किती वेळा वेळ आली आहे. जवानाला बसवून, पाणी देऊन, त्याच्या गावाकडच्या माणसाला शेजारी उभं करून सांगायचं, हे मी ज्युनियर अधिकाऱ्यांना शिकवतो. पोराला मी तीन शब्दांत निकालात काढलं होतं. हे सगळं त्याला बोललो नाही. "चुकलं," एवढंच म्हणालो. त्याने बाटलीतलं पाणी पुढे केलं. पलीकडचा काठ येईपर्यंत आम्ही कोंबड्यांच्या मालकाशी कोळंबीच्या भावावर बोलत होतो.

सातपाडा ते पुरी पन्नासेक किलोमीटर, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ऊन होतं आणि माझ्या मांडीला गोळे आले. ब्रह्मगिरीच्या पुढे एका टपरीत पखाळ खाल्लं, पाण्यातला आंबवलेला भात, वर तळलेली मासळी. उन्हावर याहून चांगलं औषध आमच्या एमआय रूममध्ये नाही. संध्याकाळी जगन्नाथाचं दर्शन घेतलं. सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा, मराठ्यांच्या काळात इथे आणून उभा केला. "म्हणजे उद्या आपण त्याची मोकळी जागा बघायला चाललोय," चिरंजीव म्हणाले. आवाजातला करडेपणा गेला होता.

पुरी-कोणार्क मरीन ड्राइव्ह ३५ किलोमीटर. दोन्ही अंगांना सुरू आणि काजू. २०१९ च्या मे महिन्यात फनी चक्रीवादळाने इथली असंख्य झाडं झोपवली होती. आता मधल्या जागेतून नवी रोपं डोकं काढत होती. काजूला मोहोर होता, वासाने थेट कोकण आठवलं. मी विचारलं, "पुन्हा देणार आहेस का?" तो पॅडल मारत राहिला. "ठरवलं नाही," म्हणाला. नंतर, "ठरलं की फोन करीन. मीटिंगमध्ये नसाल तेव्हा."

"मीटिंगमध्ये असलो तरी कर."

चंद्रभागेच्या वाळूत सायकली आडव्या टाकल्या आणि घरी फोन लावला. स्पीकरवरून बायकोचा पहिला प्रश्न: पुढे कोण होतं?

"मी. बाबा वाऱ्यामुळे पोचले."