सूत आणि साडी

खासबागेत राहणाऱ्या माणसाला भांडवलाचे महत्त्व ग्रंथांतून शिकावे लागत नाही. शहापूर, वडगाव, खासबाग ही बेळगावची विणकरांची वस्ती. आधी सूत हाती यावे, मग साडी विणली जावी, हा येथला क्रम. ‘साडी खपू दे, मग सूत देतो’ असे कोणी म्हणू लागला तर माग उभाच राहील. विद्येच्या प्रांतात मात्र असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

आमच्या गल्लीतील दोघे पीएच.डी.च्या मार्गाला लागले आहेत. मुलगा वाणिज्याचा, विणकरांच्या कर्जव्यवहाराचा तो अभ्यास करतो. मुलगी मराठीची, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हा तिचा विषय. मुलाचे सारे कौतुक करतात. मुलीला मात्र विचारतात, “या जुन्या पोथ्यांतून मिळायचे काय गं?”

विद्यापीठ अनुदान आयोगाने या दोघांत भेद केलेला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून दोन्ही विषयांना दरमहा ३७,००० रुपयांचाच दर ठरला. परंतु ती हुकली म्हणजे वाटा फुटतात. आणि दोघांचीही हुकली. वाणिज्य-व्यवस्थापनाला १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे दार ठोठावता येते. इतिहासासाठी १९७२ पासून स्वतंत्र परिषद आहे. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी २०१८ साली पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती निघाली, तिचे मान दरमहा ७०,००० ते ८०,००० रुपये. साहित्याच्या अभ्यासकाला त्या तोडीची स्वतःची परिषद नाही. मुलाने अर्ज धाडला आहे. मुलगी दिवसभर शिकवण्या करून रात्री पोथी उघडते.

साहित्याच्या संशोधनाला कागद आणि दौत पुरे, ही समजूत या विषमतेच्या मुळाशी असावी. वस्तुस्थिती पाहा. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, पण त्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. रोमी हस्तलिखितांसाठी गोव्याला जावे लागते. मार्सडेन संग्रहातील देवनागरी पोथी तर लंडनमध्ये आहे. ज्यांचे कोकणी व्याकरण १६४० साली रायतूरला छापले गेले, ते हेच स्टीफन्स. तेव्हा कोकणीचाही अभ्यास आलाच. शिष्यवृत्ती मिळाली असती तरी पहिली दोन वर्षे किरकोळ खर्चासाठी वर्षाला १०,००० रुपयेच हाती येते. एवढ्यात लंडन दूरच, पणजीच्या चार खेपाही ओढूनताणूनच व्हायच्या!

अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणकलेच्या आरंभावरील ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला, तो मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने प्रकाशित केला. विद्वत्ता त्यांची खरी. तथापि ती लोकांपर्यंत पोचवायला संस्थेचाही हात लागलाच.

वाणिज्याच्या ताटातले काढून साहित्याला वाढावे, असे मी म्हणत नाही. त्या मुलाच्या अभ्यासाने उद्या एखादा विणकर सावकाराच्या तावडीतून सुटला, तर त्यासारखा आनंद नाही. पण ज्या विद्येला व्यापारउदीम विचारू शकतो तिला आणखी एखादा वाली भेटेल. जिला बाजारात गिऱ्हाईकच नाही तिला सार्वजनिक तिजोरीवाचून दुसरा आधार नाही. म्हणून भाषा आणि साहित्य यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र परिषद असावी, आणि खर्चाची रक्कम विषयाच्या नावावरून न ठरता कामाच्या गरजेवरून ठरावी. त्या मुलीने पोथीतून काय आणले, हे तिला जरूर विचारावे. मात्र आधी तिच्या हाती सूत द्यावे.