हरण्याचं अंग

१३ डिसेंबर २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या कॅपिटल वन अरीनात जॉन सीनाने हार मानली. गुंथरने मागून मानेभोवती हाताचा फास आवळला होता. सीना बराच वेळ झुंजला, मग त्याच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू उमटलं आणि त्याने हात आपटला. टॅप आउट. ज्याच्या टीशर्टवर, मनगटी पट्ट्यांवर, टॉवेलवर वर्षानुवर्षं ‘नेव्हर गिव्ह अप’ छापलेलं असायचं, त्याने आयुष्यातल्या शेवटच्या कुस्तीत शरणागती पत्करली. क्षणभर सगळे सुन्न झाले आणि मग खवळले. ही कथानकं ज्याच्या हाताखाली ठरतात तो ट्रिपल एच रिंगपाशी आला तेव्हा त्याच्यावर जी हुर्यो उडाली, तिच्यात नाटक नव्हतं. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ. व्हॉट्सअ‍ॅपवर तर सुतकच पडलं होतं.

मला तो शेवट आवडला. आवडला म्हणजे घशात आवंढा आला, पण आवडला.

या अमेरिकी कुस्तीच्या धंद्याची एक जुनी रीत आहे: जाणाऱ्याने पाठ टेकून जायचं. आयुष्यभर लोकांनी जी पत दिली, ती जाताना येणाऱ्याच्या पदरात टाकायची. सीनाची पहिली मोठी कुस्ती २००२ च्या जून महिन्यातली. समोर कर्ट अँगल, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खरंखुरं सुवर्णपदक जिंकलेला मल्ल. अँगलने रिंगमधून कुणालाही आव्हान दिलं, हा कोण कुठला केस भादरलेला पोरगा आत आला आणि त्याने सरळ कानाखाली वाजवली. पुढची पाच-सात मिनिटं तो असा लढला की लोक उभे राहिले. आणि हरला. पडद्यामागे अंडरटेकरसारख्या बड्या मल्लाने येऊन त्याचा हात हातात घेतला, तेव्हाच ओळखायचं ते ओळखलं गेलं. पुढे त्याने सतरा वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवलं, रिक फ्लेअरचा सोळाचा विक्रम मोडला. ते सगळं त्या पहिल्या पराभवावर उभं आहे. चांगला हरलेला माणूस लोकांच्या लक्षात राहतो, नुसता जिंकलेला रकान्यात जातो.

“पण हे सगळं खोटं असतं ना?” हा प्रश्न मला आत्तेने विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, ऑफिसात विचारला गेला. हो, ठरलेलं असतं. १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे ही कुस्ती चालवणाऱ्या कंपनीनेच कबूल करून टाकलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. खेळांवरच्या सरकारी देखरेखीतून आणि करातून सुटका हवी होती म्हणून. म्हणजे आम्ही शाळेत बाकाखाली मल्लांची ट्रम्प कार्डं खेळत होतो, कुणाची उंची जास्त आणि कुणाचे दंड मोठे यावर मैत्र्या मोडत होतो, त्याच्या आधीच गुपित फुटलेलं होतं. आमच्या कानावर तेवढं आलं नव्हतं. (१९९६ च्या ‘खिलाड़ियों का खिलाड़ी’मध्ये अक्षयकुमारने उचललेला अंडरटेकर खरा नव्हता, ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल होता, आणि त्याच ब्रायन लीने त्याआधी अमेरिकेतसुद्धा तोतया अंडरटेकर रंगवला होता. खोट्यातल्या खोट्याचीही नोकरी पक्की असते ती अशी.)

तळकोकणात दशावतारी नाटकाला बसलेल्या माणसाला विचारा, राक्षस मरणार हे ठाऊक असताना पहाटेपर्यंत कशाला जागतोस? आख्यान ठरलेलं, संवाद मात्र उभ्याउभ्या सुचतील तसे. राक्षस मेला की नाही यात कुणालाच रस नाही. तो कसा मेला, किती गिरक्या घेऊन, किती वेळ लावून, मरताना राजापार्टीला किती मोठं करून गेला, यावर दुसऱ्या दिवशी बोलणी होतात. अमेरिकी कुस्तीचा खरा रसिकही तेच पाहत असतो. मार देणारा दिसतो सगळ्यांनाच. नजर ठेवायची ती मार घेणाऱ्यावर. तो कोलमडतो कसा, उठताना कुठला हात धरतो, दहा मिनिटांपूर्वी दुखावलेला गुडघा त्याला आठवतो का? या कलेला तिकडे ‘सेलिंग’ म्हणतात, आणि आमच्यातही ‘काय सेल केलं यार’ असंच म्हणतात.

तरीही शरीराला खोटं बोलायची मर्यादा असते. गुंथर हा ऑस्ट्रियाचा. अंगावर नक्षी नाही, चमकधमक नाही, नाचत येणं नाही. उघड्या पंजाने तो समोरच्याच्या छातीवर मारतो तेव्हा त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि छाती आधी लाल, मग जांभळी होते. हे ठरवून करता येतं, दुखल्याशिवाय करता येत नाही. ६६६ दिवस त्याने इंटरकॉन्टिनेंटल अजिंक्यपदाचा पट्टा कमरेला ठेवला. इतका सलग दुसऱ्या कुणीच नाही. आणि २०२४ च्या रेसलमेनियात, म्हणजे या धंद्याच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या जत्रेत, तो सॅमी झेनकडून हरला. सॅमीची बायको रिंगला लागून बसलेली, गुंथर तिच्यासमोर त्याला ठोकून काढतोय, तिला उद्देशून बोलतोय. त्या कुस्तीत सॅमी जिंकला असं लिहितात. माझ्या मते ती गुंथरने दिली, आणि देणाऱ्याचा हात असा सढळ होता की सॅमी एका रात्रीत वीतभर उंच झाला. पुढच्या वर्षी लास वेगासला जे उसोने गुंथरच्याच फासात गुंथरला अडकवून टॅप करायला लावलं. जे उसोचं येणं म्हणजे उत्सव: गाणं लागतं, अख्खं स्टेडियम हात वरखाली हलवायला लागतं. त्याचं येणं त्याच्या कुस्तीपेक्षा मोठं आहे, हे मी जरा दबकूनच म्हणतो, कारण घरातच मार पडायची शक्यता आहे. तरी त्या रात्री तो खरा वाटला, आणि वाटला तो हरणाऱ्यामुळे.

उलट उदाहरण रोमन रेन्सचं. १३१६ दिवस त्याने अजिंक्यपद सोडलं नाही. पहिली दोन-अडीच वर्षं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात उत्तम कथा होती. २०२० मध्ये, रिकाम्या खुर्च्यांच्या जागी पडद्यांवर माणसांचे चेहरे लावलेले असताना, त्याने सख्ख्या नात्यातल्या जे उसोला मारून मारून शरण आणलं आणि ‘कुटुंबप्रमुख’ झाला. मग त्या कुटुंबात शिरला सॅमी झेन, लाल दाढीचा, बडबड्या, मोठ्या घरात आपल्याला पाट मिळावा म्हणून धडपडणारा. त्याने त्या करड्या लोकांना हसवलं. ऐन कॅमेऱ्यासमोर त्यांना हसू आवरेना. २०२३ च्या जानेवारीत सॅन अँटोनिओला रोमनने त्याच्या हातात खुर्ची देऊन केविन ओवेन्सला, म्हणजे सॅमीच्या जुन्या मित्राला, मारायला सांगितलं. सॅमीने ती खुर्ची रोमनच्या पाठीत घातली. एका खुर्चीसाठी महिनोन्‌महिने थांबायची तयारी असणं, याला लेखन म्हणतात. नंतर मात्र रोमन यायचाच कमी झाला. पट्टा कपाटात आणि प्रजा बाहेर ताटकळत. न हरणारा राजा शेवटी कंटाळवाणा होतो, आणि त्याला हरवायला कोण उरलं हा प्रश्न लेखकांनी स्वतःवरच ओढवून घेतला.

उत्तर होतं कोडी रोड्स. त्याचे वडील डस्टी रोड्स, प्लंबरचा मुलगा, ढेरपोट्या, तोंडाने तोफ. पण या कंपनीचं सर्वोच्च पद त्यांना कधी मिळालं नाही. मुलगा ते मिळवायला परतला, आणि २०२२ च्या जूनमध्ये छातीचा स्नायू फाटलेला असताना, अर्धी छाती काळीनिळी पडलेली असताना, सेथ रॉलिन्सशी पिंजऱ्यात लढला. ते काळेनिळेपण रंगवलेलं नव्हतं. २०२३ च्या रेसलमेनियात सगळ्यांनी रोमनवर त्याचा विजय गृहीत धरला, आणि रोमनच्या कुटुंबातल्या सोलो सिकोआने मध्ये नाक खुपसल्याने तो हरला. माझे मित्र तेव्हा पेटले होते. मीही दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. पण नंतरच्या फेब्रुवारीत रॉक या जुन्या ताऱ्याने रोमनसमोरची त्याची जागा घ्यायचा घाट घातला तेव्हा जे झालं, ते त्या पराभवाशिवाय झालंच नसतं. लोकांनी अक्षरशः बंड केलं, कोडी हवा म्हणून कंपनीला पळता भुई थोडी केली, आणि कथा बदलावी लागली. रॉकच्या वाट्याला खलनायकी आली, ती त्याने चवीने केली. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात कोडी जिंकला. याच शहराने २०१५ मध्ये रोमनच्या विजयाची इतकी हेटाळणी केली होती की हात उंचवायला आलेल्या रॉकलाही ती ऐकावी लागली. लेखकांच्या टेबलावर एक खुर्ची प्रेक्षकांची असते. ती रिकामी समजली की असं होतं.

सीनाच्या निरोपाच्या वर्षातला मधला भाग मात्र मी माफ केलेला नाही. १ मार्च २०२५, टोरोंटो. रॉकने कोडीकडे त्याचा आत्माच मागितलेला. कोडीने नकार दिला. सीनाने कोडीला मिठी मारली आणि त्याच मिठीतून खाली लाथ घातली. वीसेक वर्षं जो खलनायकीकडे वळला नाही तो वळला! त्या रात्री वाटलं, आता काय काय बघायला मिळणार. मिळालं काय? रॉक गायब. लास वेगासला ट्रॅव्हिस स्कॉट नावाचा रॅपर लुडबुडायला, आणि विक्रमाचं सतरावं अजिंक्यपद एका मरगळलेल्या कुस्तीत. ऑगस्टमध्ये एका भाषणात सीना पुन्हा सज्जन झाला, तोवर त्याने वाईट का व्हायचं ठरवलं हेही कुणी नीट सांगितलं नव्हतं. नुसता धक्का दिला की कथा होत नाही. धक्क्यानंतरच्या मंगळवारी काय, हे ज्याला माहीत नाही त्याने शनिवारी दार ठोठावू नये.

सेथ रॉलिन्सचा प्रकार याहून गमतीचा. जुलैत त्याचा गुडघा गेला, कुबड्या आल्या, आम्ही हळहळलो. ऑगस्टमध्ये सीएम पंक नावाचा मल्ल नुकताच गुंथरला हरवून अजिंक्य झाला होता, तोच रॉलिन्स कुबड्या टाकून धावत आला आणि पट्टा घेऊन गेला. ऑक्टोबरात त्याचा खांदा खरोखरच निकामी झाला, पट्टा सोडावा लागला, आणि तेव्हा कुणाचाच विश्वास बसेना. बिचाऱ्याला आता डॉक्टरांचा दाखला कपाळावर चिकटवून यावं लागेल.

बायकांच्या कुस्तीबद्दल फार वाद घालायला मला सवड नाही, कारण तिथे वादाला जागाच कमी आहे. इयो स्काय, रिया रिप्ली आणि बियांका बेलेअर यांची लास वेगासची तिरंगी लढत २०२५ च्या रेसलमेनियाच्या दोन रात्रींतली सर्वोत्तम होती. ज्यांना पटत नाही त्यांनी ती पुन्हा पाहावी.

माझ्या भाच्याचा लाडका मात्र डॉमिनिक मिस्टेरिओ. त्याला मी समजावतो की हा हील, म्हणजे खलनायक आहे, याला शिव्या द्यायच्या असतात.

“मामा, मी त्याला शिव्याच देतो. पण तोच आवडतो.”

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. २००५ साली, सीना शेवटचं हरला त्या वॉशिंग्टनच्याच सभागृहात, तेव्हा त्याचं नाव एमसीआय सेंटर होतं, आठ वर्षांच्या डॉमिनिकच्या ताब्यासाठी त्याचा बाप रे मिस्टेरिओ आणि एडी गरेरो शिडी लावून लढले होते. वर टांगलेल्या पेटीत म्हणे ताब्याचे कागद. तो टकामका बघणारा पोरगा मोठा झाला, बापावर उलटला, एका खोट्या अटकेनंतर आपण तुरुंगात किती भोगलं याच्या बाता मारायला लागला, आणि लोक इतकी हुर्यो करायचे की माइकवर त्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. तो मार भित्र्यासारखा खातो, पळतो, बायकांच्या मागे लपतो, आणि त्याला हरताना पाहण्यात जो आनंद आहे तो बऱ्याच अजिंक्यवीरांना जिंकताना पाहण्यात नाही. सीनाने नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला, आपल्या माणसांत, डॉमिनिककडून इंटरकॉन्टिनेंटल पट्टा घेतला, आणि तीनच आठवड्यांत सॅन डिएगोला परत केला. डॉमिनिकच्या साथीला आलेल्या लिव्ह मॉर्गनने ऐनवेळी दगा दिल्यामुळे, अर्थात. शेवटच्या महिन्यात सीना एकदा लबाडाकडून हरला, एकदा राक्षसाकडून. दोघांचीही सोय लावून गेला.

म्हणून आता माझं लक्ष गुंथरवर आहे. एकाच वर्षात गोल्डबर्ग आणि सीना या दोघांची शेवटची कुस्ती त्याच्या नावावर आहे. एवढी पुंजी एका माणसाकडे साठली की ती उधळायची घाई होते, आणि मला भीती आहे ती कुठल्या तरी जुन्या ताऱ्याच्या अचानक पुनरागमनाची. ती पुंजी ओबा फेमीसारख्या माणसाला मिळावी. नायजेरियाचा, कॉलेजात गोळाफेक करणारा. सीनाच्या निरोपाच्या रात्रीच तो कोडीसमोर उभा राहिला तेव्हा कोडी लहान दिसत होता. पण लगेच नको. आधी त्याने गुंथरकडून एकदा नीट हरावं, छाती सोलून निघेपर्यंत, आणि मग किमान वर्षभर कुणी घाई करू नये. भाच्याचं म्हणणं वेगळं आहे. गुंथरला डॉमिनिकच हरवणार, आणि तेही रेफरीची पाठ वळलेली असताना, पट्टा डोक्यात घालून. तसं झालं तर मी आठवडाभर त्याच्याशी बोलणार नाही, पण गुंथरचा तेव्हाचा चेहरा बघायला मी पैसे मोजीन.