दोरीवरची मराठी

उज्जयिनीस आलेला पाहुणा महाकालाचे दर्शन घेतो, क्षिप्रेच्या रामघाटावर आचमन करतो आणि परतीच्या गाडीची वेळ पाहू लागतो. रेल्वेच्या रुळांपलीकडील फ्रीगंजात त्याला सहसा कोणी आणीत नाही. येथे सरळ आखलेले रस्ते आहेत, टॉवर चौकातले घड्याळ आहे आणि त्याच्या भोवती दुकानांची दाटी आहे. कागदोपत्री माधवनगर म्हणविणारी ही वस्ती शिंद्यांच्या अमदानीची खूण अंगावर बाळगते. पण जुन्या नगरीच्या बोळांतून आलेल्यास ती जराशी कोरडीच वाटते.

आम्हांस मात्र फ्रीगंजाची गोडी लागली ती सायंकाळी, शाळेची कामे आटोपून फिरावयास निघाल्यावर. वाटेवरच्या एका मैदानात मुले मल्लखांबाच्या सरावास जमतात. बहुतेक मुले हिंदी वा माळवी बोलणाऱ्या घरांतली. शिकविणारे गुरुजीही हिंदीच बोलतात. आणि त्या हिंदीच्या मध्येच शब्द येतो, ‘अढी!’ मागोमाग ‘बगली’, ‘फिरकी’, ‘सुईदोरा’, ‘वेल’. प्रथम आम्ही थबकलोच. हे शब्द येथे आले कोठून?

ते आले मल्लखांबाबरोबर. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात या व्यायामाचा निर्देश सापडतो असे सांगतात. परंतु त्याला नवे आयुष्य दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी. पुढे शिष्यपरंपरेने तो सर्वदूर पोहोचला. उज्जयिनीने तर त्याला आपलेसेच केले. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1981 साली याच नगरीत भरली. मध्य प्रदेश शासनाने 2013 मध्ये मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला आणि 2020 मध्ये येथील प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळ गावचा झाला. शब्द मात्र मराठीच राहिले.

पुरलेल्या खांबाच्या तीन भागांची नावे पाहा : खाली अंग, वर मान, शेंड्याला बोंड. लाकूड सागाचे किंवा शिसवीचे, वर एरंडेलाचा हात फिरविलेला. पण आमचे मन अधिक रमते ते दोरीच्या मल्लखांबात. पूर्वी दोरीच्या जागी वेत टांगीत. हव्या त्या लांबीचा वेत मिळेनासा झाला आणि सुताची दोरी आली. पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत ती धरून वर चढावयाचे, आणि तिला कोठेही गाठ न मारता केवळ वेढ्यांच्या आधारे देह तोलावयाचा. मुली हे इतक्या सहजतेने करतात की पाहणाऱ्याच्याच पोटात गोळा यावा.

खेळाची परिभाषा कामातूनच जन्मते. अमेरिकेतील गुराखी घोड्यांवरून दोर टाकून जोडीने खोंड धरतात. त्या खेळात शिंगांवर फास टाकणारा ‘हेडर’ आणि मागचे पाय धरणारा ‘हीलर’. मल्लखांबाचे शब्द आमच्या घराअंगणातून आलेले आहेत. हात आणि खांब यांमधल्या फटीतून सारे शरीर ओवून काढावयाचे, तो सुईदोरा. खांबाला पीळ घालीत चढावयाचे, ती वेल. काखेत खांब धरावयाचा, ती बगली. या शब्दांना व्याख्या लागत नाही. चित्रच उभे राहते.

सर्वांत समृद्ध शब्द अढी. पायांनी घातलेली घट्ट पकड, हा मल्लखांबातला अर्थ. पण पिकावयास गवतात घातलेल्या आंब्यांचीही अढी असते, आणि मनात धरलेल्या रागाचीही. एवढ्याशा शब्दात किती संसार सामावला आहे! आमच्याच वस्तीतील एका मराठी घरी आम्ही हा शब्द काढला, तेव्हा चौथ्या इयत्तेतल्या नातवाने आजीकडे पाहिले, आणि आजीने हसून सांगितले, “आता घरात हिंदीच चालते, हो. आंबेही बाजारातून पिकलेलेच येतात.” त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच आम्हांस ते अधिक लागले. मराठी घरातून जो शब्द गेला, तो मैदानावर हिंदी मुलांच्या पायांत जिवंत आहे. याचा आनंद मानावा की खेद, हे आम्ही अजून ठरविलेले नाही.

परवा एका मुलास आम्ही विचारले, “बेटा, अढी का मतलब जानते हो?” तो क्षणभर विचारात पडला. मग “मतलब तो नहीं मालूम, सर. करके दिखाऊँ?” असे म्हणून त्याने तळव्यांवर राळेची पूड चोळली आणि खांबावर उडी घेतली.