नाव ओळखीचं, पण डबी कुणाची?

मुलांनो, आई-बाबांच्या फोनची एक सवय तुम्हाला ठाऊक आहे का? एकदा जोडलेल्या वाय-फायचं नाव तो लक्षात ठेवतो. ते नाव पुन्हा दिसलं, की कुणाला न विचारता तो त्याला जाऊन चिकटतो!

आमच्या शाळेत वाय-फायचे दोन ॲक्सेस पॉइंट आहेत. मुलं त्यांना डब्या म्हणतात. एक डबी ऑफिसात, दुसरी माझ्या चौथीच्या वर्गाबाहेर. दोन्हींचं नाव एकच, पासवर्डही एकच. ऑफिसातून टॅब घेऊन मी वर्गात येते आणि व्हिडिओ अडखळू लागतो. मुलं म्हणतात, "बाई, डबी तर दारातच आहे!" पण कुठल्या डबीशी जोडायचं, हे डबी नव्हे, बहुतेक वेळा टॅबच ठरवतो. जुनीचा आवाज अगदी क्षीण होईपर्यंत तो तिला सोडत नाही. मग मी वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करते. टॅब नव्याने कानोसा घेतो आणि बहुधा जवळची डबी धरतो.

हे झालं वेगाचं. पण खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे बरं का!

फोन ओळखतो तो मुख्यतः नावाने. आणि नाव काय, कुणीही आपल्या डबीला कुठलंही देऊ शकतं! जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू झालं, पुढे ते हजारो स्थानकांवर पोचलं. अशा गर्दीच्या जागी एखाद्या भामट्याने तेच नाव आपल्या डबीला दिलं तर? पासवर्डचं वाय-फाय असेल तर त्याची डाळ सहसा शिजत नाही, कारण त्याला पासवर्ड ठाऊक नसतो. पण बिनपासवर्डचं असेल, तर फोन फसतो. मग भामटा खोटं पान पुढे करून बँकेचा पासवर्डही मागू शकतो.

अनोळखी माणसाने नुसतं बाबांचं नाव घेतलं, म्हणून तुम्ही त्याच्याबरोबर जाता का? नाही ना? मग फोनलाही तेच शिकवू या.

या रविवारी आई-बाबांबरोबर बसा. फोनच्या सेटिंगमध्ये जुन्या वाय-फायची यादी असते. प्रवासातली, हॉटेलातली, आता नको असलेली नावं 'विसरा' म्हणून काढून टाका. बिनपासवर्डचं एखादं ठेवायचंच असेल, तर त्याचं 'आपोआप जोडा' बंद करा.

आणि हो, किती नावं निघाली ते मोजायला विसरू नका हं!