चंद्र तेवढाच असतो

आमच्या घरी दादी, म्हणजे मुलांची आजी, दर चांद्र महिन्याच्या तेरा, चौदा आणि पंधरा तारखेला रोजा ठेवतात. आम्ही दोघंही शिक्षक. शाळेच्या धावपळीत आम्हाला नेहमी जमत नाही. पण थंडीत दिवस लहान असतो, तेव्हा त्यांना साथ देतो. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव सपाट माळावर आहे. गच्चीवर चटई टाकून इफ्तार करायचा. चौदाव्या तारखेला मगरिबची नमाज आटोपेपर्यंत ज्वारीच्या शेतांमागून चंद्र डोकं वर काढतो.

गेल्या थंडीतही तो तसाच आला. नव्या तांब्याच्या हंड्यासारखा लाल, खालून थोडा चेपलेला आणि केवढा तरी मोठा! सातवीतल्या धाकटीने विचारलं, "अब्बा, खाली असताना चंद्र एवढा मोठा का दिसतो?" आम्ही दोघांनी एका सुरात उत्तर दिलं, "क्षितिजाजवळची हवा दाट असते. ती भिंगासारखी चंद्र मोठा करते." वर्गातही आम्ही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो होतो.

लेक खाली गेली आणि कागदाला पंचिंग मशीनने भोक पाडून घेऊन आली. हात ताठ धरून, एक डोळा मिटून तिने त्यातून चंद्र पाहिला. इशाच्या नमाजनंतर चंद्र वर चढून पांढरा, लहान झाला, तेव्हा पुन्हा पाहिला. "अम्मी, तेवढाच आहे! तेव्हाही भोकात मावत होता, आताही तेवढाच मावतोय."

"हात वाकला असेल तुझा," आम्ही म्हणालो. ती पुन्हा बोलू लागली, तर "मोठ्यांशी हुज्जत घालू नये" असं सुनावलं. ती डोळे पुसत खाली गेली. दादी तसबीह फिरवत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत का त्या भोकातून?"

आम्ही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इफ्तारनंतर बघितलं, रात्री दहाला पुन्हा बघितलं. लेक बरोबर होती. मग पुस्तकं काढून बसलो. चंद्राचा रंग आणि आकार बदलतो, ते हवेमुळेच. उगवताना त्याचा प्रकाश हवेच्या फार लांब थरातून येतो. निळा रंग वाटेत विखुरतो, तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. प्रकाश हवेत वाकतो, त्यात चंद्राची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचललेली दिसते, म्हणून तो चेपलेला वाटतो. पण मोठेपणा हवेचा नाही, आपल्या नजरेचा आहे. उलट डोक्यावर आलेला चंद्र आपल्याला सुमारे सहा हजार किलोमीटर जवळ असतो, म्हणजे किंचित मोठाच!

सर्वांत जास्त शरम वाटली ती पुढचं वाचून. हवेचं कारण टॉलेमीने दिलं होतं. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या, कैरोत राहिलेल्या इब्न-अल-हैसम यांनी 'किताब-उल-मनाज़िर'मध्ये वेगळं कारण मांडलं: क्षितिजाकडे पाहताना मध्ये जमीन, झाडं, घरं दिसतात, त्यामुळे चंद्र दूर वाटतो, आणि दूर वाटणारी वस्तू तेवढीच दिसली, तर मन तिला मोठी ठरवतं. तपशिलाबद्दल शास्त्रज्ञांत आजही वाद आहेत, पण हा मनाचा खेळ आहे, हे सर्वमान्य आहे. याच इब्न-अल-हैसम यांनी लिहून ठेवलंय की सत्य शोधणाऱ्याने थोरांच्या ग्रंथांवर शंका घ्यावी आणि स्वतःवरही. त्यांचं नाव आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. त्यांचं हे सांगणं मात्र घरात लेकीने पाळलं, आम्ही नाही.

आम्ही तिची माफी मागितली. ते तसं सोपं गेलं. अवघड होतं ते वर्गात उभं राहून "इतकी वर्षं आम्ही चुकीचं शिकवलं" म्हणणं. दोघांनीही आपापल्या वर्गात म्हटलं. मुलं हसली नाहीत. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, आणखी काय काय चुकीचं असेल?" सरांनी फळ्यावर लिहिलं: बघून सांगा.

या महिन्याच्या चौदाव्या तारखेला तुम्हीही मुलांना घेऊन गच्चीवर जा. कागद सोबत न्या, आणि मुलांच्या आधी उत्तर देऊ नका.