हरलेले ‘आपण’

मराठीतल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद मी वर्गात अनेकदा घाईने उरकला आहे. ऐकणाऱ्याला वगळले की ‘आम्ही’, सामावून घेतले की ‘आपण’. फळ्यावर दोन वाक्ये, की पुढचा धडा. त्या भेदाची धार कळायला मात्र एडमंटनला यावे लागले.

२९ मे २०२३ रोजी आल्बर्टा प्रांताच्या विधानसभेसाठी मी प्रथमच मतदान केले. केंद्र एका शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या कड्याखाली. बोटाला शाई लावत नाहीत. तरी बाहेर पडताना मी सवयीने डाव्या तर्जनीकडे पाहिलेच. रात्री निकाल लागला. एडमंटनच्या वीसच्या वीस जागा न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला, आणि ८७ जणांच्या सभागृहात ४९ जागा जिंकून सत्ता मात्र युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडेच. प्रांताची राजधानी एकमुखाने बोलली होती. अर्थात जागा एकमुखी असल्या तरी मते तशी नसतात.

माझ्या शेजारचे गृहस्थ त्याची साक्ष. तेलक्षेत्रात हयात घालवलेला माणूस. मत कुणाला दिले हे लपवणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी हसत म्हणाले, ‘यू लॉस्ट.’ त्यात द्वेष नव्हता, हे आजही सांगेन. पण मनातल्या मनात भाषांतर करू गेले आणि अडले. तू हरलीस? की तुम्ही हरलात? आणि ‘तुम्ही’ म्हणजे कोण? त्या पक्षाचे मतदार, हे शहर, की बाहेरून आलेले आम्ही सगळेच? इंग्रजी सर्वनाम त्याचे उत्तर देत नाही, आणि विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

एरवी या शहरात खेळ आणि राजकारण यांच्यामधले कुंपण बुटकेच आहे. पीटर लॉहीड इथल्या फुटबॉल संघातून १९४९ व १९५० साली खेळले आणि १९७१ मध्ये प्रीमियर झाले. त्यांच्यामागून आलेले डॉन गेटी तर त्याच संघाचे क्वार्टरबॅक. (संघाचे जुने नाव अवमानकारक म्हणून २०२० साली टाकून देण्यात आले, आता तो ‘एल्क्स’.) १९८९ च्या निवडणुकीत गेटींचा पक्ष प्रांतात बहुमताने जिंकला आणि स्वतः गेटी एडमंटनमध्ये हरले. मैदानात ज्याला डोक्यावर घेतले त्याला मतपेटीत घरी पाठवणारे हे शहर. आणि याच शहराने २०२१ साली अमरजीत सोही यांना महापौर केले. पंजाबातून आलेले, कधीकाळी इथे बस चालवणारे, आणि १९८८ साली बिहारमध्ये अटक होऊन खटल्याविना एकवीस महिने तुरुंगात राहिलेले सोही. ‘आपला’ कोण हे ठरवताना हे शहर कुठला हिशेब लावते, मला अजून उमगलेले नाही.

असो. २४ जून २०२४. स्टॅन्ले कपच्या अंतिम मालिकेतले पहिले तिन्ही सामने ऑइलर्स फ्लोरिडाविरुद्ध हरले होते, पुढचे तीन जिंकले होते. पहिले तीन गमावून कप जिंकण्याचा पराक्रम १९४२ साली टोरांटोने केला, त्यानंतर कुणालाच साधला नव्हता. सातवा सामना शेजाऱ्यांच्या तळघरात, त्यांच्याच आग्रहावरून पाहिला. दोन विरुद्ध एक. शिट्टी झाली. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ते म्हणाले, ‘वुई लॉस्ट.’

वर्षभर साठलेला प्रश्न तेव्हा मी विचारला. आमच्या भाषेत याला दोन शब्द आहेत म्हटले, दोन्हींचा अर्थ सांगितला, आणि यातला तुमचा कुठला, असे विचारले. त्यांनी दोन्ही शब्द दोनदोनदा म्हणवून घेतले. ‘आपण’चा ‘ण’ काही त्यांना जमला नाही. थोडा विचार करून म्हणाले, ‘दुसरा. हॉकीपुरता तरी दुसराच.’

मी ‘हॉकीपुरता’ ऐकले आणि त्यांनी पुढे केलेली चिप्सची वाटी घेतली.