गोल्फ कोर्स ‘पब्लिक’ आहे, मग पब्लिक कुठे आहे?

खड्डे, टँकर, साडेबारा टक्के, जेएनपीटीच्या कंटेनरची ट्रॅफिक यावर मी इथे एवढं लिहून झालोय की आज विषय वाचून काही जण म्हणतील, याला आता काय झालं? विषय आहे गोल्फ. हसू नका. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. कारण हा विषय शेवटी जमिनीचा आहे, आणि जमिनीचा विषय आला की उरण-पनवेलच्या माणसाला गप्प बसता येत नाही.

मी गोल्फ खेळत नाही. आमच्या घरात बॅट होती, विटीदांडू होता, होळीच्या आसपास कबड्डीचे सामने होते. गोल्फ फक्त हिंदी पिक्चरमध्ये बघितला. पांढऱ्या कपड्यातला हिरोईनचा बाप गोल्फ खेळत असायचा आणि गरीब हिरोला पैशाचा चेक द्यायचा. पण पत्रकारितेत वीसेक वर्षं फिरताना काही गोल्फ कोर्स बघण्यात आले, आणि त्यातले काही मनापासून आवडले. का आवडले, आणि आवडूनही कुठे खटकलं, ते सांगतो.

आधी एक फरक समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक गोल्फ कोर्स क्लबचे. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवचा विलिंग्डन. पुण्यात येरवड्याचा पूना क्लबवाला, ज्याच्यावरून चौकालाही ‘गोल्फ क्लब चौक’ म्हणतात. इथे मेंबर असाल किंवा मेंबरचे पाहुणे असाल तर आत. नाहीतर कुंपण बघा आणि पुढे चला. पत्रकारितेचा डिप्लोमा करत असताना मी अशाच एका जुन्या क्लबच्या गेटवर निरोप द्यायला गेलो होतो. वॉचमनने नावही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “मेंबर कोण?” बिचाऱ्याची नोकरीच ती. पण तो प्रश्न डोक्यात बसला.

पब्लिक कोर्सवर हा प्रश्न नसतो. फी भरा, वेळ घ्या, खेळा. सिनेमाच्या तिकिटासारखं. देशात असे कोर्स हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

दिल्लीला एका आंदोलनाच्या बातमीसाठी गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका पत्रकार मित्राने लाडो सरायचा कुतुब गोल्फ कोर्स दाखवला. दिल्ली विकास प्राधिकरणाचा, म्हणजे डीडीएचा. 2000 साली सुरू झालेला, 18 होलचा, आणि देशातला पहिला सार्वजनिक गोल्फ कोर्स म्हणून ओळखला जाणारा. झाडांच्या वर कुतुबमिनार दिसतो. सकाळी साडेसहाला तिथे निवृत्त सरकारी बाबू होते, कॉलेजची पोरं होती, दोन मध्यमवयीन बायका स्वतःची बॅग स्वतः ओढत चालल्या होत्या. सगळे श्रीमंत नव्हते. गरीब तर नव्हतेच, खोटं कशाला बोलू. पण “मेंबर कोण?” असं कुणी विचारत नव्हतं, हे मला फार बरं वाटलं.

डीडीएचा दुसरा कोर्स उत्तर दिल्लीत भालस्वाला. नऊ होलचा. शेजारी तलाव, आणि जवळच दिल्लीचा तो प्रसिद्ध कचऱ्याचा डोंगर. वारा फिरला की वास येतो. शहराचा कचरा आणि शहराची हौस इतकी जवळजवळ मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. म्हणून तो कोर्स लक्षात राहिला.

आता आपल्या घरी येऊ. खारघर.

सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स दिसायला एक नंबर. डोंगराच्या कुशीत, पांडवकड्याच्या बाजूला. जुलै-ऑगस्टमध्ये वरून ढग उतरतात, कड्यावरून पाणी पांढरंशुभ्र कोसळतं आणि खाली ती हिरवळ. उरणहून लोकलने बेलापूर, तिथे गाडी बदलून खारघर, पुढे रिक्षा. उरणची लोकल जानेवारी 2024 मध्ये एकदाची सुरू झाली, तेव्हापासून हे सगळं आम्हाला जवळ आलं. सौंदर्याच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: मुंबईच्या आसपास यापेक्षा देखणा कोर्स नाही.

गंमत बघा. पावसाळ्यात पांडवकड्यावर जायला बंदी असते. बरोबरच आहे, तिथे अनेक तरुण पोरं बुडून गेली आहेत. पण परिणाम असा की निसर्गाने फुकट दिलेला धबधबा लांबून बघायचा, आणि माणसाने बनवलेली हिरवळ कुंपणातून बघायची. खारघरला राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना हा कोर्स सार्वजनिक आहे हेच माहीत नाही. त्यांना वाटतं क्लब आहे. रस्त्यावर रानभाजी विकणाऱ्या डोंगरावरच्या वाडीतल्या एका मावशींना मी विचारलं, आत काय आहे? म्हणाल्या, “साहेब लोकांचं गवत.”

यावर मी दोन दिवस विचार करत होतो.

आता थोडं गणित. 18 होलच्या कोर्सला साधारण शंभर ते दीडशे एकर जागा लागते. दादरचं शिवाजी पार्क आहे अठ्ठावीस एकरांच्या आसपास. म्हणजे एका गोल्फ कोर्समध्ये चार-पाच शिवाजी पार्क. खेळतात किती? एका होलवर चौघे, असे अठराही होल भरले तरी एका वेळी 72 माणसं. रविवारी सकाळी शिवाजी पार्कात एका कोपऱ्यात तेवढी पोरं असतात, एकमेकांच्या पिचवरून पळत. दुसरं, पाणी. ग्रीन म्हणजे होलच्या भोवतालचं गवत, ते गालिच्यासारखं ठेवावं लागतं. रोज कापणी, रोज पाणी, वर खतं-औषधं. खारघर-तळोज्यात उन्हाळ्यात पाण्यासाठी लोक रस्त्यावर येतात. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला हिरवळ दाखवून चालत नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो. ती जागा मोकळी आहे. गोल्फ कोर्स नसता तर तिथे काय असतं? जंगल असतं असं कुणी मानत असेल तर त्याने नवी मुंबई बघितलेली नाही. टॉवर असते. ‘हिल व्ह्यू’ नावाचे टॉवर, जे बांधल्यावर कुणालाच हिल दिसत नाही. पाणी जिरायला, पक्ष्यांना बसायला, डोंगराच्या पायथ्याला श्वास घ्यायला मोकळी जमीन लागतेच. त्यामुळे “गोल्फ कोर्स बंद करा” असं मी म्हणणार नाही.

पण आहे त्या कोर्सचं बोलणं वेगळं आणि नव्या कोर्ससाठी पाणथळ बुजवणं वेगळं. सीवूड्सजवळच्या पाणथळ जागेवर निवासी इमारती आणि गोल्फ कोर्स करायचा घाट घातला होता. तिथे रोहित पक्षी उतरतात. काही नागरिक कोर्टात गेले, आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. आम्ही उरणकर पाणजे, मिठागरं, खाजणं बघत वाढलेली माणसं. भरतीचं पाणी पसरायला जागा नसली की ते कुठे शिरतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून चेष्टेत नाही, खरंच सांगतो, माझ्या आवडत्या गोल्फ कोर्समध्ये हा न झालेलाही एक आहे.

अजून एक आवडता, जो गोल्फ कोर्सच उरलेला नाही. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान. नाव इंग्रजांच्या गोल्फवरून पडलेलं. आज अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. याच नाशिकमध्ये 21 डिसेंबर 1909 ला कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला विजयानंद थिएटरात गोळ्या घातल्या, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. साहेबांच्या खेळाच्या मैदानाला साहेबाला मारणाऱ्याचं नाव. इतिहास कधी कधी असा हिशोब चुकता करतो. आणि तरी नाशिककर रिक्षावाल्याला काय सांगतो? “गोल्फ क्लबला घे.” पहाटे तिथे चालणाऱ्यांची रांग असते, क्रिकेट असतं, सभा होतात. तिथे मला कधीच कुणी “मेंबर कोण?” विचारलं नाही.

आता मुद्द्यावर.

सिडको 1970 ला आली. 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. भाताची शेतं, मिठागरं, खाजणं, सगळं. कारण काय दिलं? सार्वजनिक प्रयोजन. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के आम्हाला कुणी भीक म्हणून दिलेले नाहीत, त्याला ते रक्त आहे. दरवर्षी जानेवारीत जासईला आम्ही जमतो ते त्यासाठी.

म्हणून ‘सार्वजनिक’ हा शब्द आमच्यासाठी सरकारी कागदावरचा शिक्का नाही. त्या शब्दावर आमच्या जमिनी गेल्या. मग सिडको एखाद्या गोष्टीला पब्लिक म्हणते, तेव्हा त्यात प्रकल्पग्रस्ताचा नातू कुठे आहे, हे विचारायचा हक्क आहे की नाही? तो मशीन चालवून गवत कापतोय, गेटवर शिट्टी घेऊन उभा आहे, तेवढंच पुरे? की त्याच्या हातात कधी स्टिक येणार?

आणि स्टिक आली की काय होतं, याचे दाखले आहेत. अली शेर दिल्लीत कॅडी होता, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर ठरला. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कलकत्त्याच्या क्लबात गवताची निगा राखायचे. पोराने 2016 आणि 2017, लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली. त्यांना खेळायला मिळालं ते कोर्सच्या मागच्या दाराने. पब्लिक कोर्सवर पुढचं दार उघडं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

जगात हे कसं चालतं? स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज, ज्याला गोल्फचं माहेरघर म्हणतात, तिथला ओल्ड कोर्स कुठल्या क्लबच्या मालकीचा नाही. गावाची सामाईक जमीन आहे ती. आपल्या गायरानासारखी समजा. आणि रविवारी तिथे सहसा गोल्फ बंद. त्या दिवशी गावकरी जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या हिरवळीवर कुत्री फिरवतात, पोरं पळतात, म्हातारी माणसं चालतात. न्यूयॉर्कजवळचा बेथपेज ब्लॅक हा सरकारी कोर्स. तिथे 2002 ची यूएस ओपन झाली. म्हणजे सरकारी असलं की दर्जा जातो, हे रडगाणंही खोटं.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत, कुणाला राजकारण वाटू नये:

1. आठवड्यातून एक सकाळ खारघरच्या कोर्सचा काही भाग फक्त चालण्यासाठी खुला ठेवा. गवताला काही होत नाही, सेंट अँड्र्यूजचं झालं नाही.

2. 95 गावांतल्या आणि डोंगरावरच्या वाड्यांतल्या शाळकरी पोरांसाठी मोफत प्रशिक्षण. स्टिक कोर्सच्या, चेंडू कोर्सचे. पोरं आमची.

3. गवताला पाणी कुठून येतं आणि किती लागतं, ते गेटवर बोर्ड लावून सांगा. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरत असाल तर अभिमानाने लिहा. पिण्याचं असेल तर लोकांना कळू द्या.

4. फीचा तक्ता मराठीत, ठळक, बाहेरच्या रस्त्यावरून वाचता येईल असा. वर एक ओळ: ‘हा सार्वजनिक कोर्स आहे. आत या.’

5. आणि यापुढे गोल्फच्या नावाखाली एक गुंठाही पाणथळ जागा बुजवायची नाही.

यातल्या पहिल्या चार गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. पाचव्या गोष्टीने तर वाचतो.

या आठवड्यात तिसऱ्या मुद्द्यावर माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकेन. खारघर, ओवे, तळोजा, उरणच्या मित्रांनी सांगा: तुमच्यापैकी कोण कोण त्या गेटच्या आत गेलंय? खेळायला, कामाला, की नुसतं बघायला? कमेंटमध्ये लिहा. आणि शाळेत शिकवणारे कुणी असाल तर दुसऱ्या मुद्द्यासाठी मला मेसेज करा. आधी एका शाळेची वीस पोरं घेऊन गेटवर जाऊ. बघू या, काय विचारतात.